विजयदुर्गची पाण्याखालची भिंत, सोनार, मॅग्नेटोमीटर वगैरे: कुणी प्रत्यक्ष काम केलंय का?

खडपी
मंडळी, गणपतीत गावी गेलो होतो (देवगड तालुका, जास्त सांगत नाही). चुलतभावाच्या ट्रॉलरवर एक रात्र काढली. केबिनमध्ये फिशफाइंडर आणि शेजारी प्लॉटर (होडीची जागा नकाशावर दाखवणारा स्क्रीन), त्या प्लॉटरवर शे-दोनशे खुणा मारलेल्या. मला वाटलं मासे मिळायच्या जागा, तर तांडेल म्हणाला नाय रे, ह्या सगळ्या जाळं फाटायच्या जागा. त्यातल्या बहुतेक खडपं (पाण्यातले खडक) आहेत हे त्याला माहितीये, पण चार-पाच अशा आहेत की जिथे आजूबाजूला सगळा चिखल आणि मध्येच काहीतरी उभं. काय ते कुणालाच माहित नाही. एकदा जाळ्यात वेटोळं झालेली जाड साखळी आली होती म्हणे, परत टाकून दिली.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. विजयदुर्गाच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत आहे हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो, शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची वगैरे. गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) तिथे जाऊन पाहणी केली आणि भिंत खरोखर आहे, साधारण सव्वाशे मीटर लांब, तीनेक मीटर उंच आणि सातेक मीटर रुंद, हेही वाचलंय. पण आता एवढं तंत्रज्ञान आलंय, टायटॅनिक सापडलं, परवा परवा ते अंटार्क्टिकातलं एन्ड्युरन्स तीन हजार मीटर खोल सापडलं, मग आपल्या दहा मीटर पाण्यात काय आहे ते अजून नीट का कळत नाही? इथे कुणी सर्व्हेवाले असतील तर सांगा. आणि हो, मी इंजिनियर नाही, बँकेत आहे, सोप्या भाषेत लिहा.

आरमारप्रेमी
जबरी विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

नवखा वाचक
वाचनखूण साठवली. दहा मीटर म्हणजे तीन मजली बिल्डिंग फक्त, सरळ डायव्हर उतरवून बघायचं ना, यंत्र कशाला?

मालवणी खाजं
@नवखा वाचक, मेल्या एकदा मे म्हयन्यात थंय उतार आणि तुझोच हात तुका दिसता काय ता सांग 😂
मस्करी सोडा. मी मालवणात दोन सिझन स्कुबावाल्यांकडे काम केलंय. लोकांना व्हिडिओत दिसतं तसं निळंशार पाणी डिसेंबर-जानेवारीतले मोजके दिवस असतं, तेही भांगाच्या दिवसात (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा), उधाणाला पाणी ढवळून निघतं. खाडीच्या तोंडाशी तर विचारूच नका, वाघोटनचं सगळं गढूळ पाणी विजयदुर्गाला वळसा घालून बाहेर पडतं. अशा पाण्यात डायव्हर म्हणजे अंधाऱ्या खोलीत चाचपडणारा माणूस. भिंतीचा एक दगड हाताला लागेल, भिंत दिसणार नाही. आमच्या पहिल्या दिवशी एका पाहुण्याचा कॅमेरा हातातून सुटला, सहा मीटर पाणी, जागा माहित, तीन माणसं दोन तास शोधत होती. नाय गावलो तो नायच.

ध्वनीलहर
चला, माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला एकदाचा. गेली चौदा वर्षं हायड्रोग्राफिक सर्व्हे, म्हणजे पाण्याखालचा तळ मोजायचं काम करतोय, बंदरं, पाइपलाइनी, केबल. पुरातत्त्ववाला नाही पण यंत्रं तीच. जमेल तसं लिहितो.

पहिली गोष्ट, पाण्यात प्रकाश चालत नाही, रेडिओ चालत नाही, म्हणून जीपीएसही चालत नाही. चालतो फक्त आवाज, सेकंदाला साधारण दीड किलोमीटर. म्हणून सगळा खेळ आवाजाचा.

मल्टीबीम इको साउंडर होडीच्या तळाला लावतात, तो खाली पंख्यासारखे शेकडो किरण सोडतो आणि प्रत्येकाची खोली मोजतो, त्यातून तळाचा नकाशा होतो, उंचसखल रंगीत. पण उथळ पाण्यात पंखा लहान होतो. खोलीच्या तीन-चार पट रुंदीचा पट्टा मिळतो, म्हणजे दहा मीटर पाण्यात एका फेरीत तीस-चाळीस मीटर, झालं. शेत नांगरल्यासारखं जाऊन-येऊन, जाऊन-येऊन करावं लागतं. गंमत अशी की खोल समुद्रात एका फेरीत किलोमीटरच्या किलोमीटर होतात आणि किनाऱ्याजवळ जीव निघतो, वर खडकावर होडी आपटायची भीती वेगळीच.

साइड स्कॅन सोनार वेगळा. तो टॉर्पेडोसारखा दिसणारा टोफिश, होडीमागे केबलने ओढतात. तो तळाजवळून दोन्ही बाजूंना तिरका आवाज मारतो. स्क्रीनवर वरून खाली सरकत चित्र येतं, धबधब्यासारखं, तपकिरी-पिवळं. चिखल काळपट, दगड-लोखंड चकचकीत, आणि उभ्या वस्तूच्या मागे सावली. आम्ही वस्तूपेक्षा सावलीच जास्त बघतो. टोफिश तळापासून पाच मीटर वर असेल, सावलीचं टोक पन्नास मीटर लांब असेल आणि सावली दहा मीटरची पडली असेल तर वस्तूची उंची एक मीटर. साधी समरूप त्रिकोणाची भूमिती, आठवीतली. कधीकधी वस्तू नुसता पांढरा ठिपका असते पण सावली बघून कळतं की बाबा हा नांगर आहे, दोन फाळ स्पष्ट.

जेवून येतो, मॅग्नेटोमीटर आणि सब-बॉटम राहिलेत.

आरमारप्रेमी
तोवर मी इतिहासाचं लिहितो. विजयदुर्गाला नुसती भिंत नाही शोधायची. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याजवळ नांगरलेलं होतं. तोफगोळा पडून एका जहाजाला आग लागली आणि एकाला एक लागून बांधलेली सगळी जहाजं पेटली. गुराबा, गलबतं, सगळं. एका दिवसात आंग्र्यांचं आरमार खलास. म्हणजे त्या खाडीच्या तोंडाशी तोफा, नांगर, गोळे, जहाजाचे भराव दगड (तोल राखायला तळात भरतात ते) असं काय काय पडलेलं असणार! वर गिर्ये गावात आंग्र्यांची गोदी आहे खडकात खोदलेली. आणि हे सगळं नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना बोलावून...

खडपी
आरमारप्रेमी, हात जोडतो, पेशवे-आंग्रे नवीन धाग्यावर 🙏 तिथे मीही येतो भांडायला.

आरमारप्रेमी
बरं. पण दुखरी नस आहे.

ध्वनीलहर
आलो. मॅग्नेटोमीटर. हाही मागे ओढायचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे चाळीस-बेचाळीस हजार नॅनोटेस्ला असतं, लोखंड असेल तिथे त्यात बारीक उंचवटा येतो. ढोबळ हिशेब असा की एक टन लोखंड दहा मीटरवरून बघितलं तर दहाएक नॅनोटेस्ला. अंतर दुप्पट केलं तर परिणाम आठ पट कमी, म्हणून टोफिश जितका खाली नेता येईल तितका न्यायचा. लोखंडी तोफ चिखलात दोन मीटर गाडली गेली असेल तरी पकडतो, सोनार तिथे आंधळा. पण पितळी-कांस्य तोफ असेल तर याला पत्ता लागत नाही.

@आरमारप्रेमी, जळालेलं आरमार शोधायचं तर खरं हत्यार हेच.

काळवत्री
इथे मला तोंड उघडावं लागेल. भूशास्त्राची मास्तर आहे. ध्वनीलहर, तुमचं सगळं बरोबर, पण तुम्ही आखातात आणि गाळाच्या बंदरांत काम केलं असणार. विजयदुर्गाखाली काय आहे? काळा पाषाण. बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी लोहखनिज, ठासून भरलेलं. खडकाचा एखादा कंगोरा वर आला की शेकडो नॅनोटेस्लाची उडी. तुमची तोफ दहा-वीस नॅनोटेस्लाची, ती त्या गोंगाटात कशी ऐकू येणार? लग्नाच्या बँडात घड्याळाची टिकटिक ऐकण्यातला प्रकार.

दुसरं, आपल्या कोकण किनाऱ्यावर डाइक असतात. म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत लाव्हा घुसून उभा थिजलेला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला की तो उभाच्या उभा भिंतीसारखा उरतो, सरळ रेषेत, आणि वर त्याला आडव्या भेगा पडून असे चौकोनी चिरे झालेले असतात की विद्यार्थी पहिल्या ट्रिपला हमखास विचारतात मॅडम ही कुणी बांधली. ओहोटीला किनाऱ्यावर चालताना कितीतरी दिसतात. म्हणून सोनारवर सरळ रेषा दिसली की माझा पहिला संशय डाइकवर. विजयदुर्गच्या भिंतीपाशी एनआयओचे लोक स्वतः पाण्यात उतरले, दगड बघितले, मोजले, म्हणून तिला वजन आहे. नुसत्या चित्रावर मी विश्वास ठेवला नसता.

खडपी
हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. म्हणजे आपल्याकडे तोफ शोधायची तर तोफेसारखाच वागणारा दगड खाली पसरलाय. वा रे नशीब.

ध्वनीलहर
@काळवत्री मान्य, शंभर टक्के मान्य. मी खडकावर मॅग चालवलाच नाहीये कधी. एक पळवाट आहे, दोन सेन्सर ठराविक अंतरावर लावून फरक मोजायचा, ग्रेडिओमीटर. दूरवरचा, मोठ्या आकाराचा खडक दोघांना जवळजवळ सारखाच दिसतो, जवळची छोटी वस्तू दोघांना वेगळी. पण कंगोरे जवळच असतील तर तुमचंच खरं. खाडीच्या आत जिथे खडकावर गाळाचा जाड थर आहे तिथे मात्र जमेल.

आणि गाळासाठी सब-बॉटम प्रोफाइलर. हा खालच्या पट्टीतला आवाज मारतो, तो तळ भेदून खाली जातो आणि थर दाखवतो. केक कापल्यासारखा आडवा छेद. नॉर्वे-स्वीडनवाले याच्यावर जान देतात.

काळवत्री
परत मीच पाणी ओतते 😄 आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या चिखलात कुजलेल्या सेंद्रिय मालाचा वायू अडकलेला असतो, मिथेन. एनआयओवाल्यांनीच त्याचे नकाशे केलेत. त्या बुडबुड्यांच्या थरावर आवाज आपटला की खालचं सगळं झाकलं जातं, छेदात नुसता काळा पडदा.

मालवणी खाजं
बाई, तुमी आमच्या बाजूक आसात की समुद्राच्या?

काळवत्री
समुद्राच्या. पगार तोच देतो.

सातासमुद्रापार
स्टॉकहोमहून लिहितोय. इथे वासा नावाचं जहाज म्युझियममध्ये उभं आहे, पाहुणे आले की मी त्यांना घेऊन जातो, आतापर्यंत अकरा वेळा झालं. १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं. १९६१ ला अख्खं वर काढलं, कोरीवकामासकट. पण धाग्याशी संबंधित गोष्ट म्हणजे ते शोधलं कसं. अँडर्स फ्रान्झेन नावाच्या माणसाने जुनी कागदपत्रं वाचून जागा हेरली आणि १९५६ मध्ये होडीतून दोरीला बांधलेलं एक पोकळ टोचणं खाली सोडत बसला. एक दिवस त्यात काळ्या ओक लाकडाचा तुकडा आला. बस. ना कॉम्प्युटर ना काही.

आणि टिकलं का, तर बाल्टिक समुद्र कमी खारट, लाकूड पोखरणारा तो किडा इथे जगत नाही. काळ्या समुद्रात तर दीड-दोनशे मीटरखाली प्राणवायूच नाही, तिथे चोवीसशे वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठीसकट सापडलंय, दोन किलोमीटर खोल, रोबोटने शूट केलं. आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात काय उरणार?

गोंयकार_पणजी
काय उरतं ते मी सांगतो, आमच्याकडचंच. मुरगावसमोर सुंची रीफवर पोर्तुगीज काळातलं, सतराव्या शतकातलं जहाज फुटलं होतं. एनआयओने तिथे काम केलं. लाकूड जवळजवळ नाहीच. पण तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मोठ्या रांजणांची खापरं, घडवलेले दगड, आणि हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात! म्हणजे माल आफ्रिकेहून आला असणार. पाणी किती, तर जेमतेम तीन ते सहा मीटर.

दुसरं सेंट जॉर्ज रीफचं. तिथे काय, तर कौलं! विटा, खांबांचे पोकळ तुकडे, नक्षीची शीर्षं, कोन्याची कौलं, सगळी भाजलेल्या मातीची. आणि त्यावर छाप बासेल मिशनचा, साल १८६५. जहाजाचा सांगाडा नाही, नाव नाही, पण कौलावर कारखान्याचं नाव छापलेलं. आमच्या जुन्या घरावर तीच कौलं होती, मंगळूरची. मी ते वाचलं तेव्हा माळ्यावर चढून आमची कौलं उलटी करून बघितली होती, आई खालून ओरडत होती.

तर @सातासमुद्रापार, आपल्याकडे जहाज उरत नाही, माल उरतो. शोधायचं ते जहाजाच्या आकाराला नाही, ढिगाऱ्याला. सोनारवर ढीग आणि खडक यांत फरक करायचा म्हणजे... काळवत्रीबाईंना विचारा.

नवखा वाचक
मग एआय लावायचं की, हजारो सोनार फोटो दाखवायचे, ते सांगेल खडक कुठला आणि जहाज कुठलं.

ध्वनीलहर
लावतात. पण त्याला शिकवायला आधीचे नमुने लागतात. ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोखंडी जहाजांचे, सरळसोट तळावर आडवी पडलेली. कोकणातल्या खडपात विखुरलेल्या कौलांचे किती नमुने आहेत? त्याला आपली सगळी किनारपट्टीच जहाज वाटेल. मुळात जगाचा समुद्रतळच चौथ्या हिश्श्याच्या थोडा वर इतकाच नीट मोजून झालाय.

द्वारकावासी
तुम्ही लोक कौलं मोजत बसा. द्वारका सापडली, खंभातच्या आखातात साडेनऊ हजार वर्षांचं शहर सापडलं, सोनारवर स्पष्ट चौकोनी घरं दिसली, ते का नाही सांगत? मुद्दाम दाबलं जातं.

काळवत्री
दाबलं वगैरे काही नाही, तेव्हाच्या केंद्रीय मंत्र्यांनीच जाहीर केलं होतं. झालं काय ते बघा. २००१ च्या सुमारास चेन्नईच्या एनआयओटीचं (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं) जहाज प्रदूषणाच्या पाहणीसाठी तिथे होतं. तीस-चाळीस मीटर खोलीवर साइड स्कॅनमध्ये चौकोनी आकार दिसले. मग तिथे तळ खरवडून वस्तू वर काढल्या, त्यात एक लाकडाचा तुकडा होता, त्याचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं. वय बरोबरच असेल हो. पण ते लाकडाचं वय, शहराचं नाही. खंभातला भरती-ओहोटीतला फरक आठ-दहा मीटरचा, नर्मदा-तापी-मही सगळ्या तिथे ओततात, प्रवाह असा की लाकूड कुठूनही येऊन पडेल. खरवडून काढलेली वस्तू कुठल्या थरातली ते सांगता येत नाही, आणि थर गेला की पुरातत्त्व गेलं. माणूस खाली जाऊन बघू शकला नाही, तेवढ्या प्रवाहात शक्यच नाही.

ध्वनीलहर
आणि चौकोनांबद्दल. होडी डुलली, टोफिश हिसडला, दुसऱ्या यंत्राचा आवाज मिसळला की स्क्रीनवर सुंदर समांतर रेषा येतात. मी स्वतः एकदा पहाटे चार वाजता "सापडलं!" म्हणून सगळ्यांना उठवलंय. मासेमारीच्या जाळ्याला लावलेल्या फळ्यांनी चिखलात ओढलेल्या चरा होत्या. दोन वर्षं चिडवत होते.

द्वारकावासी
द्वारकेचं काय मग?

आरमारप्रेमी
द्वारकेला एस. आर. राव यांनी ऐंशीच्या दशकात डायव्हर उतरवून काम केलं. भारतात पाण्याखालच्या पुरातत्त्वाची सुरुवातच त्यांच्यापासून, एनआयओतला तो विभाग त्यांनीच उभा केला. दगडी नांगर ढिगाने मिळाले, तीन भोकांचे त्रिकोणी. बंदर होतं यात वादच नाही. कधीचं यावर वाद आहे, नंतर तिथेच काम केलेल्यांनी बरेचसे नांगर ऐतिहासिक-मध्ययुगीन काळातले धरलेत. २०२५ च्या फेब्रुवारीत एएसआयची (भारतीय पुरातत्त्व खात्याची) टीम परत उतरली आहे, आलोक त्रिपाठी यांच्यासोबत, त्यात महिला डायव्हरही आहेत. दगड तोच, प्रश्न तोच, फक्त मोजायची साधनं बदलली.

मुरुडची
मी फक्त वाचत होते, पण एक विचारायचंय. रामदास बोट. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता, गिरणीतून रजा घेऊन निघालेला. आजीकडे त्याचं एक पत्र आहे, "येताना खोबऱ्याची वाटी आणतो" असं लिहिलेलं. ती बोट असल्या यंत्रांनी शोधता येईल का? आणि ती वारसा धरतात का?

आरमारप्रेमी
नियमाने सांगतो. युनेस्कोच्या २००१ च्या करारात पाण्याखाली शंभर वर्षं असलेली वस्तू वारसा धरतात. भारताने त्यावर सही केलेली नाही, पण आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्यातही पुरावस्तूला शंभराचीच अट आहे. म्हणजे रामदास २०४७ पर्यंत कुणाच्याच यादीत नाही.

ध्वनीलहर
मुरुडची, शोधण्याच्या दृष्टीने म्हणाल तर लोखंडी बोट, उथळ पाणी, मॅगला सोपं. पण मुंबई बंदराच्या तोंडाशी गाळ प्रचंड आणि जहाजांची सतत ये-जा. आणि खरं सांगू, असल्या जागेवर मी स्वतः टोफिश ओढेन, पण खाली काही उचलायला कुणाला पाठवणार नाही.

मुरुडची
उचलायचं नाहीचे. आजी म्हणायची नुसतं कुठे आहे ते कळलं असतं तर तिथे नारळ सोडला असता.

खडपी
🙏

(दोन दिवसांनी)
अपडेट. चुलतभावाला फोन केला होता. तांडेलाने प्लॉटरचा फोटो पाठवलाय. त्या चार-पाच जागांपैकी दोन खाडीच्या आतल्या बाजूला आहेत, गाळात, साडेपाच-सहा वाव (दहा-अकरा मीटर) पाणी. काळवत्री आणि ध्वनीलहर दोघांच्याही म्हणण्याप्रमाणे खडकापासून लांब. हे घ्या आकडे:
[प्रशासक: अक्षांश-रेखांश काढून टाकले आहेत. कृपया अशा जागा उघड्यावर लिहू नका. भंगारवाले आणि हौशी डायव्हर इथेही वाचतात.]

खडपी
सॉरी, खरंच डोक्यात आलं नाही.

गोंयकार_पणजी
प्रशासक बरोबर आहेत. खडपी, तुम्ही ते आकडे दोनापावलाला एनआयओला कागदावर पत्राने पाठवा, तांडेलाचं नाव घालून. जाळं कुठल्या दिशेने ओढताना अडकलं, भरती होती की ओहोटी, साखळीची कडी केवढी होती, सगळं लिहा. कडीवरून जहाजाचा काळ सांगणारे लोक आहेत तिथे.

ध्वनीलहर
आणि फिशफाइंडरचा स्क्रीन त्या जागेवरून जाताना मोबाइलवर शूट करायला सांगा. दोन वेळा, एकदा त्या जागेवरून आडवं जाताना आणि एकदा उभं. फुकटचा इको साउंडर आहे तो. भांगाच्या दिवशी, इंजिन हळू.

खडपी
विचारलं आत्ताच. तांडेल म्हणतो करतो, पण पत्रात त्याचं नाव नको, त्याच्या होडीचं घाला. आणि साखळीची कडी केवढी होती विचारलं तर म्हणाला थांब, आणि मग पाच मिनिटांनी फोटो आला. साखळी टाकून दिलेली नव्हतीच. अर्धी आहे, त्याच्या घरामागे, म्हैस बांधायला.

मालवणी खाजं
म्हशीक सोडू नको म्हणाव, एनआयओवाले येयसर.